तयार चॅनेल विकत घ्यायचे की आपला माग आपणच उभारायचा?

आंबेडकरी चळवळीला स्वतःचे प्रसारमाध्यम असले पाहिजे, याबद्दल आता चळवळीत दुमत राहिलेले नाही. मतभेद आहेत ते ते कसे उभे करावे याबद्दल. दैनिक काढायचे म्हटले तर कागद, छपाई आणि वितरणाचा खर्च अंगावर येतो. उपग्रह वाहिनी सामान्य कार्यकर्त्याच्या आवाक्यातली गोष्ट नाही. राहता राहिले यूट्यूब. हातात मोबाईल असला की माणूस तिथे बोलू शकतो. पण तिथेही नव्याने सुरुवात करणाऱ्याला कोणी पाहत नाही. महिनोन्महिने कष्ट करूनही सबस्क्रायबरचा आकडा शेकड्यातच अडकून पडतो. मग कार्यकर्त्यांच्या बैठकीत कोणीतरी सुचवितो की, शून्यापासून सुरुवात कशाला करायची? लाखभर सबस्क्रायबर असलेले तयार चॅनेल वर्गणी काढून विकत घेऊ, नाव बदलू आणि दुसऱ्या दिवसापासून लाख लोकांशी बोलू!

ही सूचना ऐकायला गोड आहे. ती करणाऱ्याची तळमळही खरी असते. पण समाजाच्या घामाचा पैसा ज्या व्यवहारात जाणार, तो व्यवहार तपासून घेणे हे आपले कर्तव्य आहे. म्हणून हा प्रश्न हवेत न ठेवता एका ठिकाणी बसवून पाहू. सोलापूरची अक्कलकोट रोड एमआयडीसी घेऊ.

बातमी कोणाची होते?

अक्कलकोट रोड एमआयडीसी म्हणजे यंत्रमागांची वसाहत. भौगोलिक मानांकन मिळालेली सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल ज्या हातांनी विणले जातात, त्यातले हजारो हात इथे राबतात. जवळच कुंभारीला विडी कामगार स्त्रियांची गोदूताई परुळेकर वसाहत आहे. त्याच कुंभारीच्या रे नगरात १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते १५ हजार घरांचे वाटप झाले. या पट्ट्यात मराठी बोलली जाते, तेलुगू बोलली जाते, कन्नड बोलली जाते, उर्दूही बोलली जाते. बौद्ध, मातंग, पद्मशाली, मुस्लिम, लिंगायत अशी सगळी कष्टकरी माणसे इथे एकाच भोंग्यावर उठतात.

या माणसांची बातमी केव्हा होते? पंतप्रधान आले की होते. नाहीतर माणसे मेली की होते. १८ मे २०२५ च्या पहाटे या एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याला आग लागली आणि ८ जण मृत्युमुखी पडले. त्यात कारखान्याचे मालक होते, त्यांच्या घरची माणसे होती, कामगार कुटुंबातील माणसे होती आणि जेमतेम दीड वर्षाचे एक मूलही होते. त्या दिवशी मोठमोठ्या वाहिन्यांचे कॅमेरे अक्कलकोट रोडवर आले, धूर दाखविला आणि निघून गेले. त्यांच्या दृष्टीने बातमी संपली होती.

कामगाराच्या दृष्टीने ती तिथून सुरू होते. कारखान्याच्या आवारात राहायची वेळ माणसांवर का येते? बाहेर पडायला दुसरी वाट असते का? सुताचा आणि तयार मालाचा ढीग जिथे असतो, तिथे आग विझविण्याची साधने चालू आहेत की नाहीत, हे कोण तपासते आणि तपासल्याचा कागद कोण वाचते? किती कामगारांची नावे हजेरीपटावर आहेत, किती जणांचा भविष्यनिर्वाह निधी भरला जातो, राज्य कामगार विम्याचे कार्ड किती जणांच्या खिशात आहे? हे प्रश्न आग लागण्यापूर्वी विचारायचे असतात. दर आठवड्याला विचारायचे असतात. त्यासाठी त्या वसाहतीतलाच कोणीतरी माणूस कॅमेरा घेऊन उभा असावा लागतो.

२००६ च्या सप्टेंबरमध्ये खैरलांजीत भोतमांगे कुटुंबाचे हत्याकांड झाले, तेव्हा प्रस्थापित प्रसारमाध्यमांना त्याचे गांभीर्य कळायला कित्येक आठवडे लागले. चळवळीतल्या कार्यकर्त्यांनी आणि चळवळीच्या छोट्या पत्रांनी ते प्रकरण धसास लावले. म्हणजे आपल्याला माध्यम हवे ते यासाठी. लाखाचा आकडा मिरविण्यासाठी ते नको आहे. हे एकदा मनात पक्के केले की, तयार चॅनेल घ्यावे की न घ्यावे, हा प्रश्न निम्मा सुटतो.

पैसे देऊन नेमके काय हाती येते?

अक्कलकोट रोडच्या माणसाला हा व्यवहार समजावून सांगायला फार लांब जावे लागणार नाही. एमआयडीसीतला भूखंड कारखानदाराच्या मालकीचा नसतो. तो महामंडळाकडून ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने घेतलेला असतो. तो दुसऱ्याला द्यायचा झाला तर महामंडळाची परवानगी काढावी लागते आणि हस्तांतराचे शुल्क भरावे लागते. परवानगीशिवाय नुसत्या नोटरीच्या कागदावर भूखंड घेणाऱ्याची गत काय होते, हे इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

यूट्यूबचे चॅनेल तर याहूनही कच्चे. ते ज्या खात्यावर चालते, ते खाते म्हणजे एका परदेशी कंपनीने दिलेली वापराची परवानगी आहे. त्याला सातबारा नाही, मिळकत पत्रिका नाही. घेणाऱ्याने देणाऱ्याला रोख रक्कम दिली आणि उद्या वाद झाला, तर कंपनी पंचायत करायला सोलापूरला येणार नाही. विकणाऱ्याने पासवर्ड दिला म्हणजे चॅनेल दिले, असे आपल्या पोरांना वाटते. प्रत्यक्षात खाते परत मिळविण्यासाठीचा मोबाईल क्रमांक आणि ईमेल विकणाऱ्याचाच राहिला, तर महिन्याभरात तो चॅनेल पुन्हा ताब्यात घेऊ शकतो. जाहिरातीचे पैसे ज्या ॲडसेन्स खात्यात येतात, ते खाते व्यक्तीच्या किंवा संस्थेच्या नावावर असते आणि ते दुसऱ्याच्या नावे करून मिळत नाही. घेणाऱ्याला आपले वेगळे खाते जोडावे लागते.

आता जुना माग घेतानाची रीत आठवा. जाणता माणूस माग नुसता पाहून घेत नाही. तो चालवून पाहतो, बीम पाहतो, मोटार पाहतो, चार वार कापड विणून घेतो आणि मागच्या वीजबिलाची थकबाकी किती, हे आधी विचारतो. कारण थकबाकी जागेबरोबर येते. चॅनेलचीही थकबाकी असते. दुसऱ्याची गाणी, दुसऱ्याचे चित्रण विनापरवाना वापरले असेल तर कॉपीराइटचा स्ट्राइक बसतो. ९० दिवसांच्या आत असे ३ स्ट्राइक बसले तर कंपनी चॅनेलच बंद करू शकते. जुन्या मालकाने केलेल्या चोरीचा फास नव्या मालकाच्या गळ्याला लागतो, तो असा.

सबस्क्रायबरचा आकडाही फसवा असतो. कोणत्याही चॅनेलला जाहिरातीच्या उत्पन्नात वाटा मिळायचा तर किमान १००० सबस्क्रायबर आणि मागच्या १२ महिन्यांत ४००० तास पाहिले गेल्याची नोंद लागते. लहान व्हिडिओ असतील तर ९० दिवसांत १ कोटी वेळा ते पाहिले जावे लागतात. या अटीतला मुद्दा नीट पाहा. मोजले जातात ते मागचे १२ महिने. पाच वर्षांपूर्वी एखादे गाणे गाजले आणि लाख लोक जमले, त्यानंतर चॅनेल निपचित पडले असेल, तर ते लाख म्हणजे कागदावरची मतदारयादी. मृत आणि स्थलांतरित नावांसह! सहा महिने चॅनेलवर काहीच टाकले नाही तर चालू असलेले उत्पन्नही कंपनी थांबवू शकते.

शिवाय ते लाख लोक कशासाठी जमले होते? पाककृती पाहायला जमलेल्या माणसाला किमान वेतनावरचे भाषण दाखविले तर तो बोट सरकवून पुढे जातो. लोक पाहत नाहीत असे दिसले की कंपनीची यंत्रणाही तो व्हिडिओ पुढे सरकवीत नाही. म्हणजे लाखभर उदासीन सबस्क्रायबर असलेल्या चॅनेलपेक्षा ५०० जागरूक माणसांचे नवे चॅनेल अधिक कामाचे. सोलापुरी चादरीचे लेबल विकत घेऊन ते भलत्याच कापडावर चिकटविले म्हणजे ती सोलापुरी चादर होत नाही. हे सोलापूरकरांना वेगळे सांगायला नको.

भीमगीतांच्या चॅनेलचे काय?

इथे कोणी म्हणेल, पाककृतीचे चॅनेल कोण घेतो? आपण भीमगीतांचे चॅनेल घेऊ, म्हणजे प्रेक्षक आपलाच! मुद्दा विचार करण्यासारखा आहे. पण त्यात एक नैतिक प्रश्न दडलेला आहे. चॅनेल विकणाऱ्याने त्या गाण्यांचे हक्क कोणाकडून घेतले? कवीकडून, गायकाकडून, संगीतकाराकडून की ध्वनिफीत काढणाऱ्या कंपनीकडून? कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १९ प्रमाणे हक्क देणाऱ्याच्या सहीचा लेखी कागद असल्याशिवाय हक्काचे हस्तांतर वैध ठरत नाही. २०१२ च्या दुरुस्तीने तर गीतकार आणि संगीतकार यांचा मानधनातला वाटा कायद्याने राखून ठेवला आहे.

ज्या शाहिरांनी आणि गायकांनी गावोगाव अनवाणी फिरून बाबासाहेबांचा विचार घराघरात नेला, त्यांच्यापैकी कितीजणांच्या घरी त्या गाण्यांचा पैसा पोचला? दुसऱ्या कोणी त्यांची गाणी परस्पर टाकून सबस्क्रायबर जमविले असतील, आणि आपण समाजाच्या वर्गणीतून त्या माणसाला लाखो रुपये देणार असू, तर शाहिराच्या शोषणावर आपणच शिक्का मारतो. त्यापेक्षा तो पैसा शाहिराच्या वारसाला देऊन, कागद करून, त्याच्या गाण्यांचे रीतसर हक्क का घेऊ नयेत? जुनी ध्वनिमुद्रणे आणि जुन्या सभांचे चित्रण हा चळवळीचा ठेवा आहे. तो जपलाच पाहिजे. पण ठेवा विकत घेणे वेगळे आणि चॅनेल विकत घेणे वेगळे.

लोखंडेंनी काय हाती घेतले होते?

तयार माध्यम हाती घेण्याचे उदाहरण आपल्या इतिहासातही आहे. ते लपविण्याचे कारण नाही. सत्यशोधक चळवळीतले कृष्णराव भालेकर यांनी १८७७ मध्ये पुण्यात ‘दीनबंधू’ काढला. तो पैशाअभावी अडचणीत आला. १८८० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी तो मुंबईत आपल्या हाती घेतला आणि नावारूपाला आणला. त्याच लोखंडेंनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभारली. म्हणजे बंद पडू पाहणारे पत्र हाती घेऊन त्याच्या बळावर कामगार चळवळ उभी राहू शकते, हे गिरणगाव सोलापूरने ध्यानात ठेवण्यासारखे उदाहरण आहे.

पण लोखंडेंनी घेतले काय, ते पाहा. पत्र त्याच विचाराचे होते. वाचक त्याच वर्गाचा होता. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, लोखंडेंनी पत्र घेऊन दुसऱ्याच्या हवाली केले नाही. ते स्वतः त्यात राबले. विचार तोच, माणसे तीच आणि कष्ट आपले! या ३ अटी पुऱ्या होत असतील तर चालू माध्यम हाती घेण्यात काहीच गैर नाही. एखादा तरुण सोलापुरात प्रामाणिकपणे कामगारांच्या बातम्या देतो आहे, खर्च झेपत नाही म्हणून चॅनेल बंद करण्याच्या बेतात आहे, तर त्याला मदत करून, त्यालाच कामावर ठेवून ते चॅनेल चालविणे हे ‘दीनबंधू’च्या वाटेने जाणे होय. दलालाकडून आकडा विकत घेणे ही ती वाट नव्हे.

बाबासाहेबांनी तर बहुतेक वेळा नवाच दिवा लावला. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ निघाला, तेव्हा राजर्षी शाहू महाराजांनी २५०० रुपयांची मदत केली. ‘केसरी’ने त्याची जाहिरात पैसे देऊनही छापायला नकार दिला. दुसऱ्याच्या व्यासपीठावर पैसे मोजूनही आपल्याला जागा मिळत नाही, हा धडा आपल्याला तेव्हाच मिळाला आहे. पुढे बाबासाहेब शिक्षणासाठी लंडनला गेले आणि १९२३ मध्ये ‘मूकनायक’ बंद पडला. १९२७ मध्ये ‘बहिष्कृत भारत’ निघाला. त्याचे रकाने भरण्याचे काम बहुतांशी बाबासाहेबांना एकट्याला करावे लागले आणि पैशाची ओढाताण संपली नाही. १९२९ मध्ये तोही थांबला. १९३० मध्ये ‘जनता’ निघाली. तीच ‘जनता’ ४ फेब्रुवारी १९५६ रोजी ‘प्रबुद्ध भारत’ झाली.

या इतिहासातून दोन गोष्टी निघतात. माध्यम काढायला पैसा लागतो, पण ते चालवायला रोज राबणारी माणसे लागतात. माणसे नसली की पैसा असूनही माध्यम बुडते. एकरकमी लाखो रुपये चॅनेलच्या खरेदीत घातले आणि दुसऱ्या महिन्यात बातमीदाराच्या पेट्रोलला पैसे उरले नाहीत, तर त्या चॅनेलचे करायचे काय?

मालक बदलला की काय होते?

विकत घेण्याचा अनुभव देशाने नुकताच घेतला आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये अदानी समूहाने एनडीटीव्हीचा ताबा घेण्याच्या दिशेने पाऊल टाकले. हे दार कुठून उघडले? वाहिनीच्या संस्थापकांच्या कंपनीने २००९-१० मध्ये घेतलेल्या सुमारे ४०० कोटी रुपयांच्या कर्जातून! त्या कर्जाच्या कागदात कर्जाचे रूपांतर भागभांडवलात करण्याची सोय होती. कर्ज देणारी कंपनीच अदानी समूहाने घेतली आणि तिच्या हक्काने २९ टक्क्यांहून अधिक हिस्सा मिळविला. डिसेंबर २०२२ अखेर बहुसंख्य हिस्सा त्यांच्याकडे गेला.

मधल्या काळात, ३० नोव्हेंबर २०२२ रोजी रवीश कुमार यांनी राजीनामा दिला आणि ते स्वतःच्या यूट्यूब चॅनेलवरून बोलू लागले. त्यांचा प्रेक्षक त्यांच्या मागे गेला. इमारत, कॅमेरे, परवाना, नाव, सगळे विकत घेता आले. विश्वास मात्र विकत घेता आला नाही. तो माणसाबरोबर निघून गेला. हे आजचेच आहे असे नाही. ‘केसरी’चे पहिले संपादक गोपाळ गणेश आगरकर मतभेद झाल्यावर बाहेर पडले आणि १८८८ मध्ये त्यांनी ‘सुधारक’ काढला. लेखणी बरोबर होती, म्हणून नवे पत्र उभे राहिले.

धनदांडग्यांना चॅनेल विकत घेणे परवडते, कारण त्यांना प्रेक्षक टिकवायचाच असतो असे नाही. कधीकधी आवाज गप्प करणे एवढाच हेतू पुरेसा असतो. आपल्याला आवाज उठवायचा आहे. त्यामुळे त्यांची रीत आपल्या कामाची नाही. आणि कर्जाचा धडाही विसरता कामा नये. निवडणुकीच्या तोंडावर एखादा पुढारी म्हणेल, चॅनेलचे पैसे मी देतो, तुम्ही चालवा. त्या पैशाच्या पोटात कोणती अट दडली आहे, हे मतदानाच्या आदल्या रात्री कळते!

कायद्याची तलवार

चॅनेलवर बातम्या आणि चालू घडामोडी दिल्या की माहिती तंत्रज्ञान नियम, २०२१ चा संबंध येतो. २५ फेब्रुवारी २०२१ च्या या नियमांत तक्रार निवारण अधिकारी नेमणे आणि १५ दिवसांत तक्रारीचा निकाल लावणे अशी बंधने घातली आहेत. त्यातल्या आचारसंहितेच्या काही भागाला मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये स्थगितीही दिली. पण बदनामीचा कायदा आहे, तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये कायम आहे. विकत घेतलेल्या चॅनेलवर जुन्या मालकाचे शेकडो व्हिडिओ पडून असतात. ते कोणी पाहिलेले नसतात. त्यातल्या एखाद्यात कोणाची बदनामी असेल, दोन समाजांत तेढ लावणारे बोल असतील, तर पोलिसांची नोटीस आज ज्याच्या हाती चॅनेल आहे त्याच्या दारात येते. ‘तो व्हिडिओ आमचा नाही’ हे सिद्ध करण्यात आपल्या पोरांची दोन-तीन वर्षे कोर्टात जातील.

सरकारच्या हाती आणखी एक हत्यार आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ अ खाली चॅनेल रोखता येते. एप्रिल २०२५ मध्ये ‘४ पीएम’ हे लाखो सबस्क्रायबरचे चॅनेल असे बंद झाले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेल्यावर मे महिन्यात ते पुन्हा सुरू झाले. त्यांच्यामागे वकील होते, नाव होते. अक्कलकोट रोडच्या कामगारांनी आपली सगळी पुंजी एका आकड्यात घातली आणि तो आकडा एका आदेशाने पुसला गेला तर? म्हणून पुंजी आकड्यात घालायची नसते. ती माणसांत, त्यांच्या प्रशिक्षणात आणि आपल्याकडे जपून ठेवलेल्या चित्रणात घालायची असते. एक चॅनेल बंद झाले तरी तीच माणसे दुसऱ्या दिवशी दुसऱ्या नावाने उभी राहू शकतात.

मालकी कोणाच्या नावावर?

समजा, एवढे सगळे तपासून चॅनेल घेतले किंवा नवे काढले. ते कोणाच्या नावावर राहणार? आपल्याकडे हा प्रश्न विचारणे म्हणजे कार्यकर्त्यावर अविश्वास दाखविणे, असे समजले जाते. ही भाबडी समजूत चळवळीला फार महाग पडली आहे. २५ जून २०१६ च्या पहाटे दादरचे आंबेडकर भवन आणि त्यातला बुद्धभूषण प्रिंटिंग प्रेस जमीनदोस्त झाला. ज्या छापखान्याशी बाबासाहेबांच्या वृत्तपत्रांचा इतिहास जोडलेला, तो समाजाला आपला वाटत होता. कागदावर अधिकार एका ट्रस्टचा होता आणि पाडण्याचा निर्णयही त्या ट्रस्टने घेतला. भावनेने आपले असणे आणि कागदावर आपले असणे यांत किती अंतर असते, हे त्या पहाटे महाराष्ट्राने पाहिले. त्यानंतर मुंबईत हजारोंचा मोर्चा निघाला, पण पाडलेली भिंत मोर्चाने परत उभी राहत नाही.

तेव्हा चॅनेल एका कार्यकर्त्याच्या खासगी ईमेलवर असता कामा नये. संस्था नोंदवा. सार्वजनिक न्यास करा, सहकारी संस्था करा किंवा कंपनी कायद्याच्या कलम ८ खालची ना-नफा कंपनी करा. सोलापूरला विणकरांच्या सहकारी संस्थांचा अनुभव आहे, चांगलाही आणि कटूही. चॅनेलच्या खात्यावर संस्थेच्या किमान ३ पदाधिकाऱ्यांना अधिकार द्या. पैसा संस्थेच्या बँक खात्यात येऊ द्या. दर वर्षी हिशेब सभेत वाचा. संपादक कोण आणि त्याला काढायचा अधिकार कोणाला, हे आधी लिहून ठेवा. भांडणे होतातच. ती झाल्यावर कागद कामाला येतो.

मग करायचे काय?

या सगळ्याचा निष्कर्ष सरळ आहे. सबस्क्रायबरच्या आकड्यासाठी तयार चॅनेल विकत घेऊ नये. तो पैसा नवे चॅनेल चालविण्यात घालावा. अपवाद एकच, लोखंडेंच्या ३ अटी पुऱ्या करणारे चालू चॅनेल. आणि तेही घ्यायचे तर आधी ३ महिने त्या माणसाबरोबर काम करून पाहावे, मागच्या १२ महिन्यांची पाहणीची नोंद आणि स्ट्राइकची स्थिती समोर बसून पाहावी, गाण्यांचे आणि चित्रणाचे लेखी हक्क मागावेत, जुने सगळे व्हिडिओ एकदा पाहून घ्यावेत आणि नावावर चॅनेल पूर्णपणे आल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नये.

नव्या चॅनेलचा खर्च किती? हिशेब मांडू. अक्कलकोट रोड परिसरातल्या २०० माणसांनी महिन्याला ५० रुपये दिले तर १० हजार रुपये जमतात. वर्षाचे १ लाख २० हजार. यात बरा मोबाईल, कॉलरचा माईक, तिवई आणि एका तरुणाचे पेट्रोल व मानधनाचा थोडा भाग भागतो. श्रीमंती नाही, पण काम सुरू होते. यातली मुख्य गोष्ट रक्कम नाही. ज्या २०० घरांनी ५० रुपये दिले, ती २०० घरे ते चॅनेल पाहतातच. ती आपल्या नातेवाइकांना पाठवितात आणि चूक झाली तर येऊन जाब विचारतात. दलालाने विकलेल्या लाखातला एकही माणूस जाब विचारायला येत नाही.

आशय काय द्यावा? आठवड्याला एक कारखाना, एक वस्ती, एक प्रश्न. रात्रपाळीच्या कामगाराची मुलाखत. विडी कामगार बाईची पेन्शन कुठे अडली, त्याचा पाठपुरावा. भविष्यनिर्वाह निधीचा दावा मोबाईलवरून कसा करायचा, शिष्यवृत्तीचा अर्ज कसा भरायचा, याची साधी माहिती. आणि हे मराठीबरोबर तेलुगू आणि कन्नडमध्येही. मुंबईचे किंवा दिल्लीचे तयार चॅनेल घेऊन हे काम होणार नाही, कारण त्याचा प्रेक्षक अक्कलकोट रोडला राहत नाही. पद्मशाली विणकर बहिणीशी तिच्या भाषेत बोलणारे आंबेडकरी चॅनेल निघाले, तर जातीच्या भिंती भाषणाविनाच खचू लागतील. छोटा कारखानदारही शत्रू मानू नये. विजेच्या दराने तोही पिचलेला आहे आणि २०२५ च्या त्या आगीत मालक आणि कामगार एकाच धुराने गुदमरले.

नागपुरातून ‘लॉर्ड बुद्धा’ आणि ‘आवाज इंडिया’ या वाहिन्या उभ्या राहिल्या. ३१ जानेवारी २०२१ रोजी, ‘मूकनायक’च्याच तारखेला, मीना कोटवाल यांनी दिल्लीत ‘द मूकनायक’ सुरू केले. यातले कोणीही दुसऱ्याचा आकडा घेऊन आपले नाव मोठे केलेले नाही. पहिल्या दिवशी सगळ्यांनाच थोडे लोक पाहत होते.

बांधवांनो, ‘मूकनायक’चा पहिला अंकही लाखांनी खपला नव्हता. तरी शंभर वर्षांनंतर त्याचे नाव घेतले जाते आणि त्या काळी भरपूर खपणारी कित्येक पत्रे आज कोणाला आठवत नाहीत. अक्कलकोट रोडवर रोज हजारो माग चालतात. एकेक धागा जोडून कापड होते, हे तिथल्या माणसाइतके कोणाला कळणार? तेव्हा वर्गणीची पावती फाडा, संस्था नोंदवा, एका मुलाच्या आणि एका मुलीच्या हातात माईक द्या आणि पहिला प्रश्न त्या कारखान्यांच्या दुसऱ्या दरवाजाबद्दल विचारा. तो उघडा आहे की कुलूपबंद, हे सोलापूरला कळले पाहिजे.

जय भीम!